पन्नास दिवसांची कोंडी : कअब बिन मालिक (रजि.) यांचं प्रकरण

हिजरी ९ साली (इ. स. ६३०) मदीनेत तबूकच्या मोहिमेची हाक गेली. ऊन रखरखीत होतं, बागांमध्ये फळं पिकली होती, सावलीतून पाय निघत नव्हता. पल्लाही लांबचा, उत्तरेला सुमारे ७०० किलोमीटर. एरवी प्रेषित मुहम्मद (स.) मोहिमेचं ठिकाण आधी उघड करत नसत. या वेळी मात्र त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं, म्हणजे लोकांना पुरती तयारी करता यावी.

कअब बिन मालिक (रजि.) तेव्हा धडधाकट होते, हातात पैसा होता. दोन उंट एका वेळी दारात असण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. अकबाच्या दुसऱ्या शपथेला (मदीनेच्या लोकांनी प्रेषितांना (स.) दिलेल्या निष्ठेच्या वचनाला) हजर असलेला, इस्लामच्या बाजूने शब्द झिजवलेला हा मदीनेतला नावाजलेला कवी. तरीही ते मागे राहिले, आणि त्यानंतरचे पन्नास दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अंधारे ठरले.

‘ईमान (श्रद्धा) उतरलंय’, ‘नमाजेत मन लागत नाही’, ‘अल्लाह माझ्यावर नाराज आहे’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो. दीनाच्या (धर्माच्या) आत वाढलेला, आणि आत राहूनच घसरलेला. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. शिवाय ते खुद्द कअब यांच्याच तोंडचं आहे. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तेव्हा त्यांना हाताला धरून नेणारा मुलगा अब्दुल्लाह याने ते पुढे सांगितलं. सहीह बुखारी या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या (स.) वचन-आठवणींच्या संग्रहात) ते मोहिमांच्या भागात आहे आणि सहीह मुस्लिम या दुसऱ्या संग्रहात तौबेच्या, म्हणजे पस्तावून अल्लाहकडे परतण्याच्या, भागात. संग्रहकार मुस्लिम यांनी ते तौबेत घातलं, यातच त्याचं खरं स्थान कळतं.

‘केव्हाही जमेल’

घसरण एका दिवसात झाली नाही. कअब रोज सकाळी तयारी करायला बाहेर पडायचे आणि काहीही न करता घरी परतायचे. मनात एकच वाक्य : मी ठरवलं तर केव्हाही करू शकतो. लोकांची तयारी झाली, लष्कर निघालं, तरी हे म्हणाले, एक-दोन दिवसांत आवरतो आणि गाठतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. लष्कर दूर गेलं. तेव्हाही निघून गाठावं असं मनात आलं होतं. ‘तसं केलं असतं तर किती बरं झालं असतं’, असं ते म्हातारपणी म्हणतात.

रोगाचं मूळ इथे आहे. त्यांनी नकार दिला नव्हता, हुकमाबद्दल शंकाही घेतली नव्हती. स्वतःच्या कुवतीवरचा भरवसाच आड आला. आपल्या घरांतही तेच चालतं. ‘उद्यापासून फजरला (पहाटेच्या नमाजेला) उठतो’, ‘राहिलेल्या नमाजा एकदम कजा करतो (भरून काढतो)’, ‘रमजान येऊ दे, मग बघ’. ज्याला जमतच नाही तो मदत मागतो. ज्याला ‘केव्हाही जमेल’ तो मागत नाही, आणि म्हणून त्याचं राहतं.

मग कअब मदीनेच्या गल्ल्यांतून फिरू लागले तेव्हा एक गोष्ट त्यांना टोचली. आजूबाजूला दिसत होते ते एकतर दुटप्पीपणाचा संशय असलेले, नाहीतर दुबळे म्हणून अल्लाहने सूट दिलेले. आपल्यासारखा कोणीच नाही. ही टोचणी वाईट वाटली तरी तीच जिवंतपणाची खूण होती. ज्याला आपलं सत्कर्म सुखावतं आणि दुष्कर्म सलतं तो मोमिन (खरा श्रद्धावंत), असं प्रेषितांचं (स.) वचन आहे. ‘मला काहीच वाटेनासं झालंय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी हेच विचारावं : मग या ‘काहीच न वाटण्याचं’ एवढं दुःख कशाला?

सबब नसलेलं वाक्य

प्रेषित (स.) परतले. रीतीप्रमाणे आधी मशिदीत जाऊन दोन रकअत (नमाजेची आवर्तनं) नमाज पढले आणि लोकांसाठी बसले. मागे राहिलेले ८०हून अधिक लोक आले, शपथा घेऊन सबबी सांगू लागले. प्रेषितांनी (स.) त्यांचं वरवरचं बोलणं मान्य केलं, त्यांच्यासाठी क्षमा मागितली आणि अंतरीचं अल्लाहवर सोपवलं.

कअब यांनीही सबब जुळवायला घेतली होती. घरातल्या शहाण्या माणसांचा सल्लाही घेऊन झाला होता. पण प्रेषित (स.) जवळ आल्याचं कळलं आणि सगळी जुळवाजुळव मनातून गळून पडली. समोर जाऊन सलाम केला तेव्हा प्रेषित (स.) हसले, पण ते रागावलेल्या माणसाचं हसणं होतं. ‘का मागे राहिलास? वाहन घेतलं नव्हतंस का?’

उत्तराचा आशय असा होता : दुसऱ्या कोणा माणसासमोर बसलो असतो तर बोलण्याच्या जोरावर सुटलो असतो, मला बोलता येतं. पण आज खोटं बोलून आपल्याला खूश केलं तर अल्लाह लवकरच आपल्याला माझ्यावर नाराज करेल. खरं बोललो तर आपण आज रागवाल, पण मला अल्लाहच्या क्षमेची आशा आहे. माझ्याकडे काही सबब नव्हती. इतका सशक्त आणि इतका सुस्थितीत मी कधीच नव्हतो.

‘याने खरं सांगितलं. ऊठ, अल्लाह तुझा निर्णय करेपर्यंत थांब.’

तौबेच्या अटी उलमांनी (धर्मपंडितांनी) मोजून दिल्या आहेत : गुनाह तिथल्या तिथे सोडणं, मनापासून पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणं. या चारही अटींच्या आधी कअब यांचं हे वाक्य येतं. ‘माझ्याकडे सबब नव्हती’ हे जोवर म्हटलं जात नाही, तोवर पस्तावा अर्धवट राहतो, कारण मन आत वकिली करत बसलेलं असतं : काम फार होतं, झोप झाली नव्हती, घरात कोणी उठवलं नाही. प्रत्यक्षात करायचं ते इतकंच. नीट वजू (नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं) करावा, दोन रकअत नमाज पढावी आणि हात उचलून नेमकी चूक तिच्या नावानिशी सांगावी. ‘माझे सगळे गुनाह माफ कर’ ही दुआ चांगलीच, पण तिच्याआड लपताही येतं. ‘तीन आठवडे फजर सोडली आणि कारण आळस होता’ यात लपायला जागा नाही. फर्ज (सक्तीच्या) नमाजेच्या आत अरबीखेरीज इतर भाषेत दुआ मागण्याबद्दल मजहबांमध्ये (धर्मशास्त्राच्या परंपरांमध्ये) मतभेद आहेत. म्हणून सलाम फेरून नमाज संपल्यावर मागावं, मराठीत, दखनीत, कोकणीत, जी भाषा पोटातून येते तीत.

कअब उठले तसे त्यांच्याच कुळातले, बनू सलिमाचे लोक मागे लागले. याआधी तू कधी गुनाह केल्याचं ऐकलं नाही, तूही एखादी सबब सांगायची होतीस, प्रेषितांची (स.) दुआच तुला पुरली असती. ते इतके पाठीस लागले की परत जाऊन आपलं म्हणणं खोडून काढावं असं कअब यांना वाटू लागलं. त्यांनी विचारलं, माझ्यासारखं आणखी कोणाचं झालंय? हो, दोघांचं : मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमय्या. दोघेही बद्रच्या लढाईला हजर असलेले नेक लोक. ही नावं ऐकली आणि कअब यांचे पाय थांबले.

पडत्या काळात माणूस कोणाशी स्वतःची तुलना करतो यावर फार अवलंबून असतं. सुटलेल्या ८०जणांकडे त्यांनी पाहिलं असतं तर प्रामाणिकपणा मूर्खपणा वाटला असता. त्यांनी आपल्यासारख्याच चुकलेल्या दोन खऱ्या माणसांकडे पाहिलं. असं एक माणूस तरी जवळ असावं. व्याख्यान देणारं नको, ‘माझंही तसंच झालंय, पण मी मशिदीत येतोय’ एवढंच म्हणणारं.

बंद तोंडांची मदीना

मग हुकूम आला की या तिघांशी कोणी बोलू नये. कअब म्हणतात, जमीनच अनोळखी झाली, मी ओळखत होतो ती ही नव्हे.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण या प्रकरणाचा सर्वांत जास्त गैरवापर इथेच होतो. तो अबोला वह्य (अल्लाहचा संदेश) येत असताना प्रेषितांनी (स.) दिलेला खास हुकूम होता आणि तो उठवला तोही कुरआनच्या आयतीने. सर्वसाधारण नियम उलट आहे : आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणं मुसलमानाला हलाल नाही. नमाज सोडलेल्या मुलाशी ‘कअब यांच्याशीही असंच केलं होतं’ म्हणत महिना महिना न बोलणाऱ्या बापाला या हदीसचा आधार नाही. असा मुलगा बहुधा ताटावरून उठून जातो आणि मशिदीपासून आणखी दूर सरकतो.

मुरारा आणि हिलाल घरात बसून रडत राहिले. कअब तिघांत तरुण आणि काटक. ते बाहेर पडत, मुसलमानांसोबत नमाजेला हजर राहत, बाजारात फिरत. कोणी बोलत नसे. नमाज झाल्यावर प्रेषित (स.) बसलेले असत तिथे जाऊन ते सलाम करत आणि मनाशी म्हणत : उत्तरासाठी ओठ हलले की नाही? मग त्यांच्या जवळच नमाजेला उभे राहत आणि चोरून पाहत.

पुढचं वाक्य या संपूर्ण वृत्तान्ताचा गाभा आहे असं आम्हाला वाटतं. कअब म्हणतात : मी माझ्या नमाजेकडे वळलो की ते माझ्याकडे पाहायचे, आणि मी त्यांच्याकडे वळलो की तोंड फिरवायचे.

नमाजेची ती सफ (रांग) डोळ्यासमोर आणावी. एक माणूस हात बांधून उभा आहे. त्याला वाटतंय की आपल्याकडे कोणाचंही लक्ष नाही. नजर तिरकी करून तपासतो तेव्हा समोरचा चेहरा फिरलेला दिसतो, आणि तो मान खाली घालून पुन्हा नमाजेत शिरतो त्या क्षणी तीच नजर त्याच्यावर येऊन स्थिरावते. तपासायला गेलं की नाराजी दिसते, कामाला लागलं की माया चालू असते. ही कथा प्रेषितांच्या (स.) नजरेची आहे, अल्लाहबद्दल तसंच्या तसं म्हणणं बरोबर नाही. पण कोरडेपणाच्या काळात बंदा जी चूक करतो ती हीच. प्रत्येक सज्द्यानंतर (जमिनीवर कपाळ टेकल्यानंतर) तो मनाची नाडी पाहतो : आलं का काही? रडू आलं का? गोडी लागली का? आणि न आल्यास ‘माझी नमाज कबूलच होत नाही’ म्हणून ती सोडतो. नमाजेत जीव रमणं ही देणगी आहे, अट नाही. बंदा आपल्या रबच्या (पालनकर्त्याच्या) सर्वांत जवळ सज्द्यात असतो, असं हदीसमध्ये आहे, आणि तिथे ‘मन लागलं असेल तर’ असं म्हटलेलं नाही.

किती करावं

मोजमाप महत्त्वाचं, कारण बहुतेकांचं बिघडतं ते इथे. एखादं बयान (प्रवचन) ऐकून मन हेलावतं आणि त्याच रात्रीपासून तहज्जुदच्या (मध्यरात्रीनंतरच्या ऐच्छिक नमाजेच्या) आठ रकअत, रोज कुरआनचा एक पारा (तिसावा भाग), सोमवार-गुरुवारचे रोजे असा बेत ठरतो. चौथ्या दिवशी तहज्जुद सुटते, सहाव्या दिवशी पारा, आणि ‘मी नालायकच’ या लाजेत आठवड्याभरात फजरही. प्रेषितांचं (स.) म्हणणं असं की प्रत्येक कर्माला एक जोम असतो आणि प्रत्येक जोमाला एक सुस्ती. ज्याची सुस्ती माझ्या सुन्नतीच्या (रीतीच्या) आत राहिली, तो वाटेवर आहे. सुस्ती येणारच. ती आल्यावर कुठवर खाली जायचं, एवढंच आधी ठरवायचं असतं.

ती तळाची रेषा म्हणजे पाच वेळच्या १७ फर्ज रकअत : फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. हनफी मजहबाचे असाल तर इशानंतरची वित्र नमाज त्यात धरा, ती त्या मजहबात वाजिब (आवश्यक) आहे. याखाली कुठल्याही परिस्थितीत जायचं नाही. त्यावर एकच छोटी गोष्ट जोडावी. फजरनंतर कुरआनचं एक पान, किंवा १०० वेळा ‘अस्तगफिरुल्लाह’, ज्याला पाचएक मिनिटं लागतात. दोन्ही नकोत, एकच, आणि चाळीस दिवस वाढवायची नाही. अल्लाहला सर्वांत आवडतं कर्म ते, जे थोडं असलं तरी सातत्याचं असतं. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तरुणपणी रोज रोजा धरत आणि रोज रात्री पूर्ण कुरआन पढत. प्रेषितांनी (स.) त्यांना पुन्हा पुन्हा कमी करायला सांगितलं, ते अधिकच मागत राहिले. म्हातारपणी ते म्हणायचे, तेव्हा दिलेली सवलत मी घेतली असती तर!

एक गोष्ट वेगळी ओळखावी. झोप, भूक, कामातला रस, माणसांतला जीव हे सगळंच आठवडेच्या आठवडे गेलं असेल, किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर तो ईमानचा दोष समजून अंगावर काढू नये. डॉक्टरकडे जावं. अल्लाहने उतरवलेल्या प्रत्येक आजारासोबत इलाजही उतरवला आहे, हेही हदीसच आहे.

दुसरं दार

लोकांचा अबोला असह्य झाला तेव्हा कअब एकदा चुलतभाऊ अबू कतादा यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. सर्वांत लाडका माणूस. सलाम केला, उत्तर नाही. ‘अल्लाहची शपथ घालून विचारतो, मी अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो हे तुला माहीत आहे ना?’ गप्प. दुसऱ्यांदा, गप्प. तिसऱ्यांदा उत्तर आलं : अल्लाह आणि त्याचा प्रेषित जाणे. कअब यांचे डोळे भरले आणि ते भिंतीवरून परत फिरले.

त्यानंतर बाजारात शामकडचा (सीरियाकडचा) एक शेतकरी, धान्य विकायला आलेला, ‘कअब कोण?’ असं विचारत होता. लोकांनी बोट दाखवलं. त्याने गस्सानच्या राजाचं पत्र हातात ठेवलं : तुझ्या साथीदाराने (म्हणजे प्रेषितांनी (स.)) तुझ्याशी कठोर वागणूक केल्याचं कळलं. जिथे तुझी किंमत नाही तिथे राहण्यासाठी तू जन्मलेला नाहीस. आमच्याकडे ये, आम्ही तुला जवळ करू.

कमजोर क्षणी येणारं आमंत्रण किती नेमकं असतं पाहा. त्यात एकही शिवी नाही, दीनावर टीका नाही, नुसती सहानुभूती. कअब यांनी वाचलं, ‘हीसुद्धा परीक्षाच’ म्हणाले, तंदूर गाठला आणि पत्र आत टाकलं. घरी ठेवून विचार केला नाही. त्या पत्राच्या जागी आज काय येतं हे ज्याचं त्याला माहीत असतं : जुना नंबर, रात्री दोनचा मोबाईल, पिणाऱ्यांचा कट्टा. ‘बघू नंतर’ म्हणून खिशात ठेवलेलं पत्र पुन्हा वाचलं जातं. तंदूर म्हणजे नंबर त्याच मिनिटाला पुसणं, फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं.

पत्र जाळलं म्हणून लगेच सुटका झाली नाही, उलट कोंडी वाढली. चाळीसाव्या दिवशी निरोप आला : बायकोपासून दूर राहा. ‘तलाक देऊ?’ नाही, फक्त जवळ जाऊ नको. कअब यांनी तिला माहेरी पाठवलं. हिलाल यांच्या पत्नीने नवरा म्हातारा आहे, त्याचं करायला कोणी नाही, म्हणून सेवेची परवानगी मागितली आणि ती मिळाली. तूही माग, असं घरच्यांनी सुचवलं तेव्हा कअब म्हणाले, मी तरुण आहे, मी कोणत्या तोंडाने मागू? सवलत कोणासाठी आहे, हे ओळखण्याची ही तयारी मोठी आहे.

पन्नासावी फजर

पन्नासाव्या सकाळी कअब यांनी फजर आपल्या घराच्या छपरावर पढली होती आणि ते तिथेच बसून होते. सल्अ डोंगरावरून कोणीतरी जीव खाऊन ओरडलं : ‘कअब बिन मालिक, आनंद कर!’ ते जागच्या जागी सज्द्यात गेले. एक जण घोड्यावरून निघाला होता, पण डोंगरावरचा आवाज घोड्याच्या आधी पोचला. तो आवाज देणारा आला तेव्हा कअब यांनी अंगावरचे दोन्ही कपडे काढून त्याला बक्षीस दिले. दुसरे नव्हते. दोन उसने घेतले आणि मशिदीकडे निघाले. तिथे तलहा बिन उबैदुल्लाह (रजि.) धावत येऊन हात मिळवते झाले. कअब ते कधी विसरले नाहीत. परतलेल्या माणसासाठी उठून पुढे धावणं एवढंच तलहा यांनी केलं होतं.

उतरलेली आयत सूरह तौबामधली ११८ वी. तीत तिघांची अवस्था सांगताना म्हटलं आहे की जमीन एवढी विशाल असून त्यांना अपुरी पडली. हेच शब्द त्याच सूरहच्या २५ व्या आयतीत हुनैनच्या लढाईबद्दल आले आहेत. पण इथे पुढे आणखी एक वाक्य जोडलं आहे : त्यांचे जीवही त्यांना अपुरे पडले. रणांगणात बाहेरची कोंडी होती, इथे आतली. आणि मग क्रम येतो : त्यांना कळून चुकलं की अल्लाहपासून पळून जायला अल्लाहखेरीज आसरा नाही. मग अल्लाह त्यांच्याकडे वळला, ते वळावेत म्हणून. दोन्हीकडे क्रियापद एकच, ‘ताबा’, आणि अल्लाहचं वळणं आधी. तौबा करावीशी वाटू लागली, म्हणजे पलीकडून काहीतरी आधीच सुरू झालं आहे.

कअब यांनी आयतीतल्या ‘मागे ठेवलेले’ या शब्दाचा अर्थही स्वतः सांगितला. तो मोहिमेतून मागे राहिल्याचा नव्हे, ८०जणांचा निकाल तिथेच लागला आणि आमचा पुढे ठेवला गेला, याचा आहे.

आनंदाच्या भरात ते म्हणाले, तौबेचा भाग म्हणून सगळी मालमत्ता सदका (दान) करतो. प्रेषितांनी (स.) तिथेही मोजमाप लावलं : काही स्वतःकडे ठेव, ते तुझ्यासाठी बरं. कअब यांनी खैबरच्या जमिनीतला आपला वाटा ठेवला. एक शब्द मात्र पूर्ण दिला : जगेन तोवर खरंच बोलेन. हे सगळं सांगून झाल्यावर तो आंधळा म्हातारा मुलाला म्हणाला, त्या दिवसापासून आजवर जाणूनबुजून खोटं बोललो नाही, आणि जेवढं उरलंय तेवढ्यातही अल्लाह मला जपेल अशी आशा आहे.